तळजाईच्या आडवाटा: भर उन्हात कोणती धरावी, कोणती सोडावी?

धनकवडीची_मी | शुक्रवार, रात्री १.२०

पुण्यात तळजाई टेकडीवर येणारे बहुतेक जण एकाच रस्त्याचे. सहकारनगरकडून वर चढायचं, देवीला हात जोडायचे, वनविहारातल्या रुंद वाटेने एक फेरी मारायची आणि खाली येताना नीरा नाहीतर कारल्याचा रस घ्यायचा. मीही त्याच कळपातली. पण सध्या गवत वाळून आडवं झालंय, उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांची पानं पार झडलीत आणि एरवी न दिसणाऱ्या पायवाटा उघड्या पडल्यात. एक डावीकडे फुटते, पुढे उजवीकडे दोन, आणि पश्चिमेच्या अंगाला, सिंहगड रोडच्या बाजूला, तर नुसतं जाळं आहे. काही हिंगण्याकडे उतरत असाव्यात. काही झाडीत शिरून गडप होतात. लग्न होऊन आल्यापासून या टेकडीच्या पायथ्याशी राहतेय आणि पाहिला तो एवढा एकच रस्ता, याची आता चुटपुट लागलीय.

अडचण अशी, की माझं ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दोन वाजतात (धाग्याची वेळ बघा). पहाटे साडेपाचला टेकडीवर घाम गाळणाऱ्या पुण्यवंतांत माझा नंबर या जन्मी लागायचा नाही. रविवारी नऊच्या आधी वर पोचणं कठीण, म्हणजे फिरून होईपर्यंत ऊन चांगलंच चटकायला लागणार. नवरा म्हणतो, शहराच्या मधोमध असलेली टेकडी ती, हरवून हरवून हरवणार किती? कुठूनही खाली उतरलं की रिक्षा मिळते. सासूबाई म्हणतात, या दिवसांत कुणी घराबाहेर पडतं का.

जाणकारांनी सांगावं. एप्रिलच्या उन्हात या वाटा धुंडाळणं शहाणपणाचं आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करावी? दीर बरोबर येणार आहे. तो नियमाने सिंहगड चढतो, त्यामुळे त्याला तळजाई म्हणजे गंमत वाटते.

चहाबाज | शुक्रवार, सकाळी ७.०५

रुमाल टाकून ठेवतो. नऊ वाजता तळजाई चढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या वेळेपर्यंत टेकडीवाले खाली येऊन दुसरा चहा आणि पहिलं भांडण उरकून बसलेले असतात. सासूबाईंना +१.

पर्वतीपायथा | शुक्रवार, सकाळी ९.३०

ताई, तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. हरवणार नाही, हे खरं. कुठूनही उतरलं की रिक्षा, हे मात्र विसरा. उतारावर ठिकठिकाणी भिंत आहे, नाहीतर तारेचं कुंपण. खालची घरं दिसतात, गच्चीवरच्या कुरडया दिसतात, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू येतात, आणि मध्ये ही भिंत. मग फट शोधत तिच्या कडेकडेने करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडून घ्यायचं आणि शेवटी आल्या वाटेनेच वर यायचं. असे परत येणारे लोक मी दर उन्हाळ्यात पाहतो. तोंडं लालबुंद झालेली असतात आणि हातातली बाटली रिकामी.

आता मुख्य गोष्ट. सिंहगडाची सवय असलेल्या माणसाला तळजाई फसवते ती वेगळ्याच कारणाने. गडावर आधी चढण, मग उतार. पाय दमतात तोवर वाट सोपी झालेली असते. तळजाईला गाडीरस्ताच पठारावर जातो. वर गाडी लावून जी आडवाट धराल ती खालीच जाणार. म्हणजे ताजेतवाने असताना, वारं चालू असताना उतार, आणि पाणी संपल्यावर, सूर्य डोक्यावर आल्यावर, मुरमाड घसाऱ्यावरून चढण. सगळा हिशोब उलटा. तळजाईवर दमणारे बहुतेक जण जाताना नाही, परतताना दमतात ते यामुळेच.

तेव्हा गाडी वर नेऊच नका. धनकवडीकडून पायी चढा. चढ आधी संपवून टाका, पठारावर हवं तेवढं फिरा आणि घराच्या दिशेने उतरत या. अनोळखी वाट धरायची असेल तर ती चढताना धरावी. उतरायला ओळखीचीच.

काळाकातळ | शुक्रवार, दुपारी १२.१५

काकांशी सहमत. माझी थोडी भर, कारण दगड हा आमच्या पोटापाण्याचा विषय आहे.

बातम्यांत 'पुण्यात पारा ४० वर' असं येतं, तो पारा सावलीतला असतो. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो. तुम्ही चालता त्या काळ्या कातळावर ऊन थेट पडतं आणि तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. आपल्या सगळ्या टेकड्या बेसॉल्टच्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या. रंग काळा, वर माती जेमतेम, त्यामुळे डोक्यावरून ऊन आणि खालून झळ असा दुहेरी मार. पुण्याची हवा कोरडी असल्याने घाम आल्या आल्या उडून जातो. अंग चिकट होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की घाम आलाच नाही. कोकणातला पाहुणा टेकडीवर 'काय छान कोरडं आहे' म्हणतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

शहराचा जुना उच्चांक ४३.३ अंशांचा, १८९७ सालच्या एप्रिलमधला. २०१९ च्या एप्रिलअखेरीस आपण ४३ पर्यंत जाऊन आलोच. तेव्हा 'पुण्याचं ऊन काय ऊन आहे' हे आमच्या आजोबांचं वाक्य बासनात गुंडाळून ठेवावं.

सकाळ जमत नसेल तर संध्याकाळचा विचार करा. पाचनंतर पूर्वेच्या उतारावर, म्हणजे सहकारनगर-पद्मावतीच्या अंगाला, सावली येते. दगड दिवसभराची धग सोडत असतो, त्यामुळे पहाटेसारखा गारवा मिळणार नाही, पण डोक्यावरचं ऊन तरी वाचतं. फक्त सातच्या आत पठारावरच्या रस्त्याला लागा.

चहाबाज | शुक्रवार, दुपारी १२.४०

अवांतर: हवामान खात्याचं ऑफिस १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून तो सिमला ऑफिस चौक. सिमल्याहून उतरलेल्या माणसांनी इथल्या पहिल्या एप्रिलमध्ये काय काय म्हटलं असेल, त्याची नोंद कुठल्या तक्त्यात सापडणार नाही.

गुळवेल | शुक्रवार, दुपारी ३.१०

दवाखान्यात दुपारचा शुकशुकाट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

उन्हाची सवय शरीराला होते, पण त्यासाठी एक-दोन आठवडे जावे लागतात. दिवसभर एसीत बसणाऱ्या माणसाने रविवारी एकदम दोन तास उन्हात चालणं आणि रोज उन्हात काम करणाऱ्याने चालणं यांत फार फरक आहे. तेव्हा पहिल्या रविवारी थोडक्यात आटपा.

पाणी तहान लागण्याआधीपासून, थोडं थोडं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा आणि तेवढं जवळ ठेवा. टेकडीवर मध्ये कुठे मिळेल या भरवशावर राहू नका. ओआरएसची पुडी आणायला जमलं नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण. चमचा चहाचा, आणि मीठ मापूनच घाला, अंदाजाने नाही. ताक, पन्हं, कोकम सगळं उत्तम. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्यांतल्या काही गोळ्यांनी ऊन लवकर बाधतं.

डोकं दुखणं, मळमळणं, पायात गोळे येणं, गरगरणं यांतलं काहीही झालं की तिथेच सावलीत बसा, पाणी प्या, कपडे सैल करा. 'चल, थोडंच राहिलंय' म्हणू नका. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. आधी त्याला गार करायचं: अंगावर पाणी ओता, ओल्या कापडाने मान, काखा, जांघा पुसत राहा, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. इथेच घोळ होतो. सगळे पाणी पाजायला धावतात आणि अंगावर ओतायला कुणाचा हात उचलत नाही.

मुक्काम_पोस्ट_हडपसर | शुक्रवार, दुपारी ३.५५

आणि खिशात कांदा?

गुळवेल | शुक्रवार, संध्याकाळी ४.२०

खिशातला कांदा खिशाला वास देतो. भाकरीबरोबर खाल्लात तर निदान पोटात तरी जाईल.

रानभूल | शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

मी जरा विरोधी सूर लावतो.

तळजाईवर ज्या ज्या रेघा वाटेसारख्या दिसतात त्या सगळ्या वाटा नाहीत. एक प्रकार सलग समतल चरांचा. पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांबलचक चर असतात. खणलेली माती खालच्या अंगाला रचलेली असते आणि तिच्यावर गवत वाळलं की ती अगदी चोपून काढलेल्या पायवाटेसारखी दिसते. त्यावरून चालायला छान वाटतं, कारण चढ नाही, उतार नाही. मग चर संपतो. पुढे काहीच नसतं. दुसरा प्रकार जाळरेषांचा. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून, जाळून पट्टे मोकळे ठेवतात. ते रुंद असतात, रस्त्यासारखे दिसतात, पण माणसाच्या सोयीने काढलेले नसतात. सरळ उतारावरून खाली घसरतात. तिसऱ्या गुराशेळ्यांच्या वाटा.

चौथ्या हौशी लोकांनी पाडलेल्या, आणि माझा राग आहे तो त्यांच्यावर. एकाने वळण टाळून सरळ खाली उडी मारली, दहा जण त्याच्या मागे गेले, की गवत मरतं. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात त्या रेघेतून पाणी धावतं आणि टेकडीवर आधीच वीतभर असलेली माती घेऊन जातं. दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. शिवाय हे दिवस टिटवीच्या विणीचे. ती घरटं बांधत नाही, उघड्या माळावर चार खड्यांमध्ये अंडी घालते, आणि अंडीही खड्यांसारखीच. रातवा पक्षीसुद्धा जमिनीवरच अंडी घालतो. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की ती तुम्हाला हाकलतेय असं समजा आणि आल्या पावली मागे फिरा.

तेव्हा ताई, आडवाट जरूर धरा, पण असलेली. नवी पाडू नका.

पर्वतीपायथा | शुक्रवार, रात्री ८.१५

रानभूल, मुद्दा मान्य. पण तुमच्यासारखे लोक इतकं दटावतात की सामान्य माणूस डांबरी रस्ता सोडतच नाही. मग टेकडीच्या पलीकडच्या अंगाला काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही: कुठे राडारोडा टाकला, कुठे कुंपण तोडलं, कुठे रात्री बाटल्या फुटल्या. ज्या वाटांवर चार घरची माणसं फिरतात त्या वाटा शाबूत राहतात. हे मी वेताळ टेकडीवर पाहिलंय. तिथे रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा आवाज उठवायला पुढे आले ते रोज तिथे चालणारेच.

रानभूल | शुक्रवार, रात्री ८.४०

काका, चालणाऱ्यांना माझी ना नाही. शॉर्टकट मारणाऱ्यांना आहे.

दुपारची_झोप | शुक्रवार, रात्री ९.२५

इतके प्रतिसाद आले आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही (बहुतेक सगळे पुरुष असावेत, गुळवेलताई सोडून). एकट्या बाईने ऐन दुपारी त्या पश्चिमेच्या झाडीत जाऊ नये. पहाटे टेकडीवर माणूसच माणूस असतो. उन्हाळ्यात अकरानंतर चिटपाखरू नसतं, किंवा नको ती माणसं असतात. शहराच्या टेकड्यांवर लुटालुटीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. दीर बरोबर आहे ते बरंच आहे, पण तरी मंगळसूत्र घरी ठेवून जा आणि कुठल्या बाजूने चढताय, किती वाजेपर्यंत खाली येणार, हे घरी सांगून जा. आणि भटक्या कुत्र्यांचा घोळका दिसला तर पळू नका. हळूहळू मागे सरकत रुंद वाटेवर या.

नकाशेवाला | शुक्रवार, रात्री १०.५०

मोबाइलबद्दल. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली फुकटची अॅप आहेत, त्यांत तळजाईच्या बऱ्याच पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. पण या रेघा तुमच्या-आमच्यासारख्यांनीच भरलेल्या आहेत, तेव्हा रानभूल म्हणतात तो चर तिथेही वाट म्हणून आला असेल तर नवल नाही. निघताना ट्रॅक नोंदवायला सुरू करा. परत यायची वेळ झाली की आपल्याच रेघेवरून मागे.

फोन हातात धरून उन्हात चालू नका. तापला की स्क्रीन मंद होते, मग इशारा येतो, मग बंद. नेमका हवा तेव्हा. पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवा.

फोनशिवायही तळजाईवर दिशा कळायला अडचण नाही. नैर्ऋत्येला सिंहगडाचे मनोरे, उत्तरेला पर्वतीची देवळं, दक्षिणेला कात्रजचे डोंगर. यांतलं एक दिसत असलं तरी पुरे. झाडीत घुसून तिन्ही दिसेनासे झाले तर दिसेपर्यंत वर चढा.

काळाकातळ | शुक्रवार, रात्री ११.०५

त्यात एक पुस्ती. सावलीवरून दिशा ओळखायची शाळेतली युक्ती पुण्यात मे महिन्यात चालत नाही. १३-१४ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. 'सूर्य दक्षिणेला' असं धरून चाललात तर धनकवडीऐवजी दांडेकर पुलाकडे निघाल.

चहाबाज | शुक्रवार, रात्री ११.२०

धनकवडीतून निघून दांडेकर पुलाला पोचणं हे रविवारी बसनेसुद्धा सहज घडतं.

धनकवडीची_मी | शनिवार, रात्री १२.४५

किती छान प्रतिसाद! वाचनखूण साठवली. काकांची 'चढताना अनोळखी, उतरताना ओळखीची' ही गोष्ट दिराला वाचून दाखवली. तो म्हणाला, हे लोक तळजाईला एव्हरेस्ट करून सोडणार. दुपारची_झोप, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या मनात होतंच, पण धाग्यात कसं लिहावं कळत नव्हतं.

एक प्रश्न: परत फिरायचं कधी, हे कसं ठरवायचं? घड्याळावर?

गुळवेल | शनिवार, सकाळी ८.००

पाण्यावर. निम्मी बाटली संपली की जिथे असाल तिथून मागे. पुढे काहीही दिसत असलं तरी. आणि हे घरातून निघतानाच ठरवा, कारण टेकडीवर ठरवायला गेलात की भांडण होतं.

धनकवडीची_मी | रविवार, रात्री १०.१५

जाऊन आलो! हा वृत्तांत.

गाडी घरीच ठेवली आणि धनकवडीकडून चढलो. ठरल्याप्रमाणे चढताना डावीकडची अनोळखी वाट धरली. ती थोडी वर गेली आणि मग इतकी सपाट, इतकी सरळ झाली की मला लगेच शंका आली. रानभूल, तुमचाच चर! कडेला मातीचा बांध, त्यावर पिवळं गवत, मध्येच वाळून गेलेली रोपं. दीर 'मस्त वाट आहे' करत पुढे. शेवटी घाणेरीच्या वाळक्या जाळीपाशी तो संपला. जाळीतून एक बारीक वाट पलीकडे जात होती. तेवढ्यात वरून काटक्यांची मोळी घेऊन एक मावशी आल्या. डोक्यावर मोळी, खाली चुंबळ, पायात रबरी चपला, आणि चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. दिराने विचारलं, ही वाट कुठे जाते?

"कुटं न्हाई. शेरडांची हाय ती."

तुम्हाला कसं कळतं म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मोळी न उतरवता हाताने दाखवलं. त्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत फांद्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि कमरेच्या वर जशाच्या तशा, काटे रोखून उभ्या. "माणूस जातो तितं खांद्याशी फांदी मोडलेली असती," म्हणाल्या. मग पठाराकडे जाणारी खरी वाट दाखवली. ती आम्हाला दिसलीच नव्हती. एका मोठ्या धोंड्याच्या मागून वळत होती. तिच्यावर खरंच खांद्याच्या उंचीला डहाळ्या मोडलेल्या. त्यानंतर आम्ही दर फाट्याला फांद्या बघत होतो.

वर पोचलो तेव्हा ऊन चढलेलं. पठाराच्या पश्चिम कडेने गेलो. एक बहावा अर्धा फुललेला होता, बाकी सगळं करडं. उंदीरमारीची एवढी झाडं, पण सावली म्हणून नाही, नुसत्या काठ्या. एक करंज मिळाला, नव्या पालवीचा, पोपटी. त्याच्याखाली बसलो तर हवा एकदम बदलली. तिथेच माझी बाटली निम्म्यावर आली.

दिराला पुढे सिंहगडाचे मनोरे दिसत होते आणि खाली उतरणारी एक झकास वाटही. त्याचं सुरू झालं: "वहिनी, पाच मिनिटं. फक्त वळणापर्यंत." मी म्हटलं, घरून ठरवून निघालोय. तो म्हणाला, डॉक्टर इंटरनेटवरची आहे. मी म्हटलं, बाटली माझ्या हातातली आहे. परत फिरलो. घरी येईपर्यंत तो गप्प होता आणि घरी आल्यावर तांब्याभर ताक एका दमात प्यायला. काही बोलला नाही.

आता दोन शंका. मोज्यांत कुसळं इतकी रुतलीत की मोजे टाकून द्यावेत की काय? आणि त्या पश्चिमेच्या उतारावर सारखा 'टक्, टक्' असा आवाज येत होता, कुणी लाकडावर खडे मारावेत तसा. माणूस नाही, पक्षी दिसला नाही. दीर म्हणाला, चकवा.

रानभूल | रविवार, रात्री १०.४०

चकवा नाही, शेंगा! उंदीरमारीच्या. चपट्या, आधी हिरव्या, मग वाळून तपकिरी होतात. उन्हाने तापल्या की दोन्ही फाकी पिळवटतात आणि टक्कन फुटतात. बिया लांबवर उडतात. ऊन जितकं कडक तितका आवाज जास्त, म्हणून पहाटेच्या मंडळींना तो कधी ऐकू येत नाही. तुम्ही नऊनंतर गेलात म्हणून तुम्हाला ऐकायला मिळाला. पुढच्या वेळी झाडाखाली बघा, पिळलेल्या फाकी पडलेल्या असतील.

हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, आणि टेकडीभर ते का झालंय याचं उत्तर या आवाजात आहे. माणसाने लावलं ते लावलंच, पुढे त्याने स्वतःच बिया उडवल्या. गणेर, सालई, मेडशिंगी ही आपली झाडं त्याच्या गर्दीत शोधावी लागतात. गणेर फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा, एकही पान नसताना पिवळीधमक फुलं.

त्या मावशींचं निरीक्षण मात्र मी चोरणार.

पर्वतीपायथा | सोमवार, सकाळी ६.४०

वा! सुनबाई, जमलं. दीर ज्या वाटेसाठी हट्ट करत होता ती मला माहीत आहे. वळणापर्यंत खरंच झकास आहे. वळणानंतर घसारा, आणि खाली तीच भिंत. पाच मिनिटं उतरायला लागतात. चढायला किती, ते दिराला एकदा नोव्हेंबरमध्ये दाखवा.

मुक्काम_पोस्ट_हडपसर | सोमवार, सकाळी ९.१५

कुसळांसाठी: मोजे उलटे करून वाळू द्या, मग जुन्या कंगव्याने ओढा. धुवायला टाकू नका, बाकीच्या कपड्यांतही जातील. आणि पुढच्या वेळी सुती घट्ट विणीचे घाला, लोकरीचे नकोत.

काळाकातळ | सोमवार, दुपारी १.३०

मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी एक राहिलं. दुपारनंतर पूर्वेला ढग भरून आले, वारा पडला आणि एकदम उकडायला लागलं की वळीव येतोय असं समजून पठार सोडा. उघड्या माळावर वीज पडायचा धोका असतो, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं तर सगळ्यांत वाईट. पाऊस आला की त्याच मुरमाच्या वाटा साबणासारख्या होतात.

गुळवेल | सोमवार, दुपारी २.५०

'डॉक्टर इंटरनेटवरची आहे' वाचून हसले. दिरांना सांगा, इंटरनेटवरच्या डॉक्टर फी घेत नाहीत, त्यामुळे त्यांचं ऐकायला काहीच हरकत नाही. ताक पिऊन गप्प बसणं हे चांगलं लक्षण आहे.

धनकवडीची_मी | मंगळवार, रात्री १.०५

:) निरोप पोचवला. आता तोच म्हणतोय, या रविवारी संध्याकाळी पूर्वेच्या उतारावर जाऊ, सावलीत. काळाकातळ, पाचला चढायला लागलो तर अंधाराच्या आत होईल ना? आणि काका, पद्मावतीच्या बाजूने चढायला नीट वाट कुठली?

पर्वतीपायथा | मंगळवार, सकाळी ६.५०

पाचला निघा, साडेसहाला जिथे असाल तिथून रस्त्याकडे वळा. वाट इथे लिहून कळायची नाही, दोन फाटे फसवे आहेत. रविवारी मी तसाही त्या बाजूला असतो. पायथ्याशी रसवंतीपाशी पाच वाजता या, पहिल्या फाट्यापर्यंत सोडतो.

दुपारची_झोप | मंगळवार, सकाळी १०.१०

मी पण! काका, चालेल का? माझ्याबरोबर वहिनी आणि तिची मुलगी असेल.

पर्वतीपायथा | मंगळवार, सकाळी १०.३०

चालेल की. पाणी आपापलं.

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०.४५

रसवंतीपर्यंत मीही येईन. त्याच्या पुढे नाही.

मुक्काम_पोस्ट_हडपसर | मंगळवार, सकाळी ११.२०

बाणेर टेकडीच्या आडवाटांबद्दलही कुणी लिहा ना. तिथे पाषाणच्या बाजूने एक वाट...

रानभूल | मंगळवार, सकाळी ११.३५

त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे लिहिलंत तर पुढच्या उन्हाळ्यात शोधूनही सापडायचं नाही.